दुधातला दात

वेन हाकालाची कारकीर्द
मी पहिल्यांदा वाचली ती त्याच्या जबड्यात.
हिबिंग, मिनेसोटा. हार्डवेअरच्या दुकानावर माझा दवाखाना,
खिडकीतून खाणीच्या ढिगाऱ्यांची तांबडी कड,
बाहेर उणे सव्वीस,
आणि खुर्चीत तो, पाय पुढे लोंबणारे.

वरचा पुढचा?
"टोलीडो. एकोणनव्वद साल. आमच्याच माणसाची स्टिक."
त्याच्या शेजारचा?
"फ्लिंट. मारामारीत."
खालचे दोन?
बोटानं थांब म्हणाला, चूळ भरली.
"वीलिंग. पक. मी आडवा पडलो, गोल वाचवला.
सामना पाच-एक हरलो."

एक्स-रे उजेडाला धरला.
मोडकी मुळं हाडात तशीच,
भाडेकरू गेल्यावर
दारावर राहिलेल्या पाट्यांसारखी.

विचारू नये ते विचारलं : मोठ्या लीगमध्ये?
"एक रात्र. बफेलो. अकरा मिनिटं, चाळीस सेकंद.
बर्फ इतका गुळगुळीत,
वाटलं, कुणाच्या तरी घरात बूट घालून शिरलोय."

आमच्याकडे म्हणतात, म्हटलं,
दात आहेत तर चणे नाहीत, चणे आहेत तर दात नाहीत.
चणे म्हणजे काय, तेही सांगावं लागलं.
भूल दिलेल्या ओठानं तो बराच वेळ विचार करत राहिला.
"चणे होते, डॉक्टर. अकरा मिनिटांचे.
गिळले.
चावायचं राहून गेलं."

पुढे गुडघा.
पुढे सहायक कोच, बसमध्ये ड्रायव्हरमागची सीट.
मग मुख्य कोच, सूट, टाय, बाकामागे उभं राहणं.
"पायांना कळतं कुठं जायचं. आणि जायचं नसतं."
दुसऱ्या हंगामात पिओरियाच्या मालकानं काढून टाकलं,
फोनवर. हा पेट्रोल पंपावर, नळी हातात.
टाकी पूर्ण भरली म्हणे, मगच रडला.

आता शाळेच्या मुलींना शिकवतो, पहाटे साडेपाचला.
हाकाला. नाव ऐकून मी मनात हसले होते :
हाक मारायलाच जन्मलेला.
पण रिंकवर गेले तर हा ओरडतच नाही.
स्टिकनं फळीवर दोनदा टकटक.
अठरा मुली वळतात.

फेब्रुवारीतल्या एका रात्री, पावणेअकराला, फोन.
दार उघडलं तर तो,
आणि मागे ब्रिना स्टिमॅक, पंधरा वर्षांची,
तोंडावर धरलेला मोजा लाल.
घरामागच्या तळ्यावर, भावांबरोबर, हेल्मेटशिवाय.
आई खाणीत रात्रपाळीला, म्हणून फोन कोचला.
त्याच्या हातात कागदी पेला,
दोन्ही तळव्यांत धरलेला, देवघरातून आणावा तसा.
"दूध," तो म्हणाला. "घरात कमी सायीचंच होतं. चालेल ना?
मुळाला हात लावलेला नाही."
किती वेळ झाला?
"छत्तीस मिनिटं." घड्याळाकडे न बघता.

दात जागेवर बसवला. शेजाऱ्यांना तारेनं बांधला.
शनिवारी खेळू? तिनं खुणेनं विचारलं,
मला नाही, त्याला.
"नाही."
तेव्हा ती रडली. दातासाठी नव्हती रडली.

हात धुताना मी विचारलं,
दुधाचं कुणी शिकवलं?
तो खिडकीकडे तोंड करून उभा होता.
"कुणी नाही. नंतर कुठंतरी वाचलं.
टोलीडोत माझा बर्फावर पडला होता.
मध्यंतरात बर्फ घासायचं यंत्र आलं,
मी बाकावर, तोंडात टॉवेल.
तिसऱ्या फेरीत गेला. दिसला मला जाताना.
उठून ओरडायचं ना.
पण पुढच्या पिरियडला मला घेतील की नाही,
डोक्यात तेवढंच होतं."

घेतलं?

"नाही."

खाली त्याची गाडी सुरू व्हायला वेळ लागला.
तो काचेवरचं बर्फ खरवडत होता, हातमोजे न घालता.
आत दिवा लावून ती
आरशात ओठ वर करून बघत होती,
पुन्हा, पुन्हा.